मोठा ट्यूबा परवडत नाही, म्हणून आहे तो कापावा का?

बास, म्हणजे बँडमधले सर्वांत खालच्या स्वरांचे पितळी वाद्य ट्यूबा, वाजवणाऱ्या माणसाच्या तक्रारी बहुधा दोनच असतात : वाद्याचा आवाज भरत नाही आणि बोटे गाण्याच्या पट्टीत नीट बसत नाहीत. पहिल्या तक्रारीचे उत्तर मोठ्या आकाराच्या वाद्यात आहे, तर दुसरीचे उत्तर वेगळ्या पट्टीच्या वाद्यात किंवा स्वतःच्या बोटांत आहे. परंतु दोन्ही तक्रारी एकाच दमात निघत असल्यामुळे त्यांची सरमिसळ होते, आणि मोठा ट्यूबा परवडत नाही असे दिसले की आहे त्याचीच पट्टी बदलून घेऊ, असा विचार सुरू होतो. नाशिकमध्ये हा विचार जरा लवकरच सुरू होतो, कारण भांडी बाजार जवळ आहे, अंबड-सातपूरला लेथ आहेत आणि पितळेची नळी कापून जोडणे हे काम बघणाऱ्याला सोपे वाटते.

ट्यूबा मुख्यतः चार पट्ट्यांत बनतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर बी फ्लॅट म्हणजे काळी पाच, सी म्हणजे पांढरी एक, ई फ्लॅट म्हणजे काळी दोन आणि एफ म्हणजे पांढरी चार. १८३५ साली बर्लिनमध्ये वीप्रेख्ट आणि मॉरिट्झ यांनी ज्याचे पेटंट घेतले तो पहिला ट्यूबा पांढरी चारचा होता. वेटोळी उलगडून नळी सरळ केली, तर काळी पाचची लांबी सुमारे १८ फूट, पांढरी एकची १६, काळी दोनची साडेतेरा आणि पांढरी चारची १२ फूट भरते. पट्टी ठरते ती या लांबीवर. आकार ही वेगळी गोष्ट आहे : नळी किती रुंद होत जाते आणि भोंगा केवढा आहे, यावरून वाद्याला ३/४, ४/४, ५/४ किंवा ६/४ म्हणतात, आणि हे आकडे प्रत्येक कारखाना आपापल्या अंदाजाने लावतो, म्हणून एकाचा ४/४ दुसऱ्याच्या ५/४ एवढा निघाला तर नवल मानू नये. पांढरी एकचा ६/४ ट्यूबा काळी पाचच्या ३/४ पेक्षा नळीने २ फूट आखूड असूनही अंगाने कितीतरी धिप्पाड असू शकतो. एकदा हे लक्षात आले, की पट्टी बदलल्याने आवाज भरत नाही हेही लक्षात येते, आणि निम्मे ग्राहक इथेच माघारी फिरायला हवेत.

उरलेल्यांनी बोटांचा विचार करावा. बासरीवाला प्रत्येक पट्टीसाठी वेगळी बासरी पिशवीत ठेवतो, कारण त्याला पर्याय नसतो. ट्यूबाचे तसे नाही. तीन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे दाबल्यावर हवा जादा वेटोळ्यातून नेणाऱ्या खटक्यांत, बाराही स्वर निघतात, त्यामुळे कोणत्याही पट्टीचे गाणे कोणत्याही ट्यूबावर वाजते. बदलते ती फक्त बोटे. काळी पाचच्या ट्यूबावर पांढरी एकचा षड्ज धरायचा, तर मधल्या सप्तकात पहिला व्हॉल्व्ह दाबावा लागतो आणि त्याखालच्या सप्तकात चौथा, किंवा चौथा नसेल तर पहिला आणि तिसरा मिळून. हे अवघड नाही, फक्त सवयीचे नाही. रोज अर्धा तास दिला तर एका चातुर्मासात बोटे वळतात, आणि या रूपांतराला करवत लागत नाही. शिवाय आपल्या बँडमधले ट्रंपेट आणि क्लॅरिनेट बहुतेक काळी पाचचेच असतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर काळी पाचचा बास आपसूक जुळतो. पांढरी एकचा ट्यूबा हा विशेषतः अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांचा रिवाज आहे. जर्मन ऑर्केस्ट्रा काळी पाच आणि पांढरी चार वापरतात, ब्रिटिश ब्रास बँड काळी दोन आणि काळी पाच. ज्याला तिकडच्या ऑर्केस्ट्राची परीक्षा द्यायची नाही, त्याने केवळ तो रिवाज पाहून वाद्य कापायला काढणे मला पटत नाही.

तरीही कापायचेच असेल तर कापण्यापूर्वी हिशोब कागदावर मांडावा, कारण "२ फूट नळी काढली की झाले" ही समजूत अपुरी आहे. काळी पाचवरून पांढरी एकवर येताना मूळ नळीतून सुमारे २ फूट जातात हे खरे, परंतु प्रत्येक व्हॉल्व्हचे वेटोळेही त्याच प्रमाणात आखूड करावे लागते. मूळ लांबी १८ फूट धरली, तर दुसऱ्या व्हॉल्व्हच्या वेटोळ्यातून सुमारे १.४ इंच, पहिल्यातून २.९ इंच, तिसऱ्यातून साडेचार इंच आणि चौथ्यातून जवळपास ८ इंच काढावे लागतात. प्रत्येक वेटोळ्याच्या स्लाइडला, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या वाकड्या नळीला, दोन पाय असतात, म्हणून हा आकडा अर्धा करून दोन्ही पायांतून सारखा कापायचा असतो. हा अर्धा करायला विसरल्यामुळे वाया गेलेली स्लाइड मी स्वतः हातात धरून पाहिली आहे. वाद्य कॉम्पेन्सेटिंग जातीचे असेल, म्हणजे चौथा व्हॉल्व्ह दाबल्यावर हवा जादा छोट्या वेटोळ्यांतून पुन्हा फिरत असेल, तर ती छोटी वेटोळीही मोजून कापावी लागतात आणि काम दुप्पट होते. असे वाद्य कापूच नये.

वेटोळ्यांचा हिशोब तरी गणिताचा आहे. खरी अडचण मूळ नळीतल्या २ फुटांची आहे. ट्यूबाची नळी व्हॉल्व्हच्या आसपास सारख्या जाडीची असते, पण मुख्य स्लाइडनंतर ती भोंग्यापर्यंत रुंद होत जाते. सारख्या जाडीच्या भागातून २ फूट निघत नाहीत. मग कारागीर माउथपीसकडच्या नळीतून थोडे घेतो, मुख्य स्लाइडमधून थोडे घेतो आणि उरलेले रुंद होणाऱ्या भागातून. सनईच्या मधला दोन इंचांचा तुकडा काढून उरलेली दोन टोके जोडावीत, तसे हे होते : जोडाच्या एका बाजूला तोंड लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठे. हा फरक कारागीर ठोकून-ताणून मिटवतो, पण नळीची रुंदावण्याची चाल तिथे बिघडते आणि त्याचा परिणाम खुल्या स्वरांवर होतो. काहीही न दाबता ओठांनी निघणारे स्वर म्हणजे षड्ज, त्यावरचा पंचम, पुन्हा षड्ज, मग गंधार, मग पंचम. त्यातला गंधार मुळातच पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला असतो. चांगला कारखाना नळीची चाल बेतताना हे सारे सांभाळून घेतो. कापल्यावर षड्ज जुळवला तर पंचम चढतो, पंचम ओढून धरला तर गंधार पडतो, आणि वाजवणारा आयुष्यभर ओठांनी दुरुस्ती करत बसतो. याउलट काळी दोनची नळी वाढवून काळी पाच करायची, तर साडेचार फूट सरळ नळी घुसवावी लागेल. ते करू नये, एवढेच पुरे.

पट्टी नव्हे, पण स्वर बदलण्याचे एक रूपांतर मात्र खरोखर करण्याजोगे आहे, आणि आपल्याकडे त्याचीच गरज जास्त पडते. जुन्या ब्रिटिश बँडची वाद्ये उंच स्वरमानाची असत, ज्यात मध्य सप्तकातला पांढरी सहाचा स्वर आजच्या ४४० हर्ट्झऐवजी सुमारे ४५२ हर्ट्झला लागतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिकडे अशी वाद्ये बनत होती, आणि फिरत-फिरत त्यांतली काही आपल्याकडच्या मोडीत येतात. माझा पहिला बास तसाच होता, काळी दोनचा, भोंग्याला चार पोचे असलेला. पंचवटीतल्या घरी गोधडीवर आडवा ठेवून मी त्याची नळी सुतळीने मोजली, वळणांवर सुतळी बाहेरच्या कडेने न नेता मधोमध नेली आणि ती सुतळी शिंप्याच्या टेपवर धरली. लांबी साधारण १३ फूट भरली. म्हणजे काळी दोनपेक्षा थोडी कमी. वरातीत ट्रंपेटवाले माझ्याकडे वळून का पाहतात, याचे उत्तर त्या कमी पडलेल्या इंचांत होते. अशा वाद्याला मुख्य स्लाइडमध्ये सुमारे साडेचार इंचांची, म्हणजे प्रत्येक पायाला सव्वादोन इंचांची भर घातली की ते ४४० वर येते, आणि व्हॉल्व्हच्या स्लाइड प्रत्येकी पाऊण इंचाच्या आत बाहेर ओढल्या की भागते. सरळ भागात सरळ नळी जात असल्यामुळे चालही फारशी बिघडत नाही. मात्र अंतिम माप सुतळीवरून ठरवू नये. वाद्य दहा मिनिटे वाजवून श्वासाने गरम करावे, मग मोबाइलच्या ट्यूनरवर किती सेंट चढते ते पाहावे. डिसेंबरच्या पहाटे गोदाघाटावर गार पडलेला बास उतरलेलाच वाजणार, आणि त्यावरून घेतलेले माप मे महिन्यात खोटे ठरणार.

काम कोणाकडे द्यावे यापेक्षा ते कसे करून घ्यावे हे नीट सांगता यायला हवे. लेथवर जोडनळी वळवून घेणे अंबडला सहज होते. जुन्या नळीचा तुकडा सोबत न्यावा आणि आतला व्यास व्हर्नियरने त्यांच्यासमोर मोजून घ्यावा. जोड मात्र कथिलाच्या मऊ डागाचाच हवा, जो दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो. माझ्या त्या बासला एका कारागिराने हंड्याला देतात तसा पितळी डाग दिला. नळी लाल झाली, पितळ मऊ पडले, लाख जळाली आणि शेजारचे दोन जुने जोड आपोआप सुटले. त्याचे कौशल्य कमी नव्हते, पण हंड्याला सूर लावायचा नसतो, हे मी त्याला आधी सांगायला हवे होते. कापलेला प्रत्येक तुकडा परत मागून घ्यावा आणि कोणत्या व्हॉल्व्हचा कोणता पाय ते त्यावर लिहून ठेवावे, म्हणजे उद्या पश्चात्ताप झाला तर परतीची वाट राहते. काम आषाढात द्यावे. तुळशीच्या लग्नाआधी वाद्य हातात यायला हवे, नाहीतर सुपारी घेतलेली असते आणि बास टेबलावर उघडा पडलेला असतो.

आता मोठ्या ट्यूबाच्या पैशांकडे वळू. युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या कारखान्याचा व्यावसायिक दर्जाचा नवा मोठा ट्यूबा दहा हजार डॉलरच्या पुढेच जातो, आणि त्यावर आयात शुल्क, कर आणि वाहतूक चढते. वाहतुकीत फसगत होते, कारण विमानाच्या कुरिअरला खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त ते धरतात. ११० बाय ७० बाय ६० सेंटिमीटरच्या पेटीचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागले की ९२ किलो येतात. पेटीसकट खरे वजन २५ किलो असले तरी पैसे ९२ किलोचे. म्हणून परदेशातला जुना ट्यूबा स्वस्त दिसला तरी आधी पेटीची मापे मागवावीत आणि मग किंमत बोलावी. मेरठच्या जली कोठीचा, म्हणजे तिथल्या बँडवाद्यांच्या बाजाराचा, माल रेल्वेने किंवा ट्रकने येतो, तिथे जाऊन वाजवून पाहता येतो, आणि बँडच्या कामासाठी मोठा भोंगा हवा असेल तर सुझाफोनचा पर्यायही तिथेच मिळतो, जो खांद्यावर बसतो आणि वरातीत चालताना पाठ वाचवतो.

पैसे उभे करायला बँडमध्ये भिशी हा जुना आणि चांगला मार्ग आहे. बारा जणांनी दरमहा ३००० रुपये टाकले तर पहिला हप्ता ३६,००० रुपयांचा होतो, आणि पहिली उचल बासला द्यायची असे आधी ठरले तर जुन्या वाद्याचा विसार तरी निघतो. वाद्य बँडच्या मालकीचे की वाजवणाऱ्याच्या, हे त्याच दिवशी कागदावर लिहावे. ते न लिहिल्यामुळे मोडलेली मैत्री नळीसारखी कथिलाने जुळत नाही. रूपांतराचा खर्च तुम्हाला हव्या त्या पट्टीच्या जुन्या वाद्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जात असेल, तर मी रूपांतर सोडून देईन, कारण कापलेल्या ट्यूबाला विकताना गिऱ्हाईक हमखास पाडून मागते. अपवाद एकच : नळ्या इतक्या सडलेल्या असतील की त्या बदलाव्याच लागणार आहेत, आणि व्हॉल्व्ह मात्र उत्तम आहेत.

व्हॉल्व्ह उत्तम आहेत की नाही, हे जुना ट्यूबा घेताना आणि कारागिराकडून परत आणताना एकाच रीतीने तपासावे. काहीही न दाबता दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड इंचभर ओढावी, मनात पाच आकडे मोजावेत आणि मग व्हॉल्व्ह दाबावा. "पट्" असा आवाज आला तर हवा धरून आहे. नुसतीच फुस्स झाली तर पिस्टन झिजला आहे किंवा जोड गळतो आहे. चारही व्हॉल्व्हवर हेच करावे. त्यानंतर एक हात भोंग्यात घालून आतून जोडांवर बोट फिरवता येईल तिथे फिरवावे, कथिलाचा थेंब आत लोंबत असेल तर तो तिथल्या तिथे काढून घ्यावा, आणि शेवटी षड्ज, पंचम, षड्ज, गंधार, पंचम असे पाच खुले स्वर ट्यूनर समोर ठेवून, ओठांनी न सावरता, कारागिराच्या दुकानातच वाजवून पाहावेत. मजुरीचे उरलेले पैसे त्यानंतर द्यावेत.