प्रभुभोजनाच्या आधी आत्मपरीक्षा कशी करायची

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घ्यायचा विधी, आणि कितीतरी वर्षं माझी तयारी म्हणजे शनिवारी रात्री गुडघे टेकून "प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर" एवढं म्हणायचं नि झोपायचं. सगळ्या म्हणजे कुठल्या ते मी कधी सांगितलंच नाही. प्रेषित पौल तर बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ११व्या अध्यायात सांगतो की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच भाकर खावी. तिथलं कारण पण बघा, करिंथच्या मंडळीत काही जण आधीच खाऊन पिऊन घ्यायचे आणि गरीब विश्वासी उपाशी राहायचे, म्हणजे ज्या पापाबद्दल पौल एवढा कडक बोलतो ते बाजूला बसलेल्या भावाच्या पोटाशी संबंधित होतं.

तर तयारी शनिवारी रात्रीवर ठेवू नका, गुरुवार-शुक्रवारपासून करा. अर्धा तास काढा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, वही-पेन घ्या आणि बायबलमधला २ शमुवेल १२ हा अध्याय मोठ्याने वाचा. दावीद राजाने आपल्या उरीया नावाच्या सैनिकाची बायको घेतली होती आणि त्याला लढाईत मारवलं होतं. नाथान संदेष्टा त्याला गोष्ट सांगतो, श्रीमंताकडे ढीगभर मेंढरं असून त्याने गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी कापली, आणि दावीद असा भडकतो की म्हणतो हा मरायच्याच लायकीचा, त्याने चौपट भरून द्यावं. हे चौपट त्याने मनाचं सांगितलेलं नाही, निर्गम २२ मध्ये चोरलेल्या एका मेंढरामागे चार असाच नियम आहे. म्हणजे एवढं करून बसलेल्या दावीदाला न्याय काय असतो हे पक्कं माहीत होतं, फक्त दुसऱ्याच्या बाबतीत. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

म्हणून वहीत पहिल्यांदा स्वतःची पापं लिहू नका, या महिन्यात तुम्हाला दुसऱ्याचं काय काय खटकलं, कोणाचा राग आला, ते लिहा. जाऊ खोटं बोलली, भावाने हिशेब लपवला, पोरगं उलट बोललं, सगळं. मग एकेका ओळीसमोर थांबून विचारा, हे मी कोणाशी केलंय का? मला तरी दर वेळी निदान दोन ओळींवर थांबावं लागतं.

आता त्या ओळींसमोर स्वतःचं लिहिताना मोघम लिहायचं नाही. "माझ्यात लोभ आहे" असं नाही, कोणाचे, किती, कधी ते लिहा. "चूक झाली" पण नको, "मी केलं" लिहा. माझ्या वहीत एकदा आलं की कांदा काढणीला दोन बाया होत्या, दुपारी पाऊस आला, काम थांबलं आणि मी अर्ध्या दिवसाचे दीडशे-दीडशे रुपये दिलेच नाहीत, पुढच्या वेळी बघू म्हणाले आणि विसरून गेले. रक्कम छोटी वाटते ना? याकोब ५:४ वाचा, कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. मी विसरले तरी देव विसरलेला नसतो, आणि मला आता वाटतं हीच चांगली बातमी आहे, नाहीतर त्या बायांची बाजू कोण घेणार होतं?

इथे बरेच जण गडबडतात की देव प्रेमळ आहे मग न्यायाचं एवढं कशाला. पण १ योहान १:९ नीट बघा, पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो कारण तो विश्वसनीय आणि न्यायी आहे असं लिहिलंय. दयाळू असा शब्द तिथे यायला हवा होता असं वाटतं ना, पण आहे न्यायी. कारण क्षमा म्हणजे कानाडोळा नाही, वधस्तंभावर येशूने पापाची किंमत भरलीय. ते "पदरी घेणं" मला फार आवडतं, दुसऱ्याच्या अंगावर न ढकलता आपलं आपण ओटीत घ्यायचं.

मग परत करायचं. लेवीय ६ प्रमाणे फसवून घेतलेलं पूर्ण द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे दीडशेचे एकशेऐंशी. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर स्वतःहून चौपट लावून घेतलं, जी शिक्षा दावीदाने दुसऱ्याला सुनावली तीच. ज्याचं घेतलं तो वारला असेल तर गणना ५ प्रमाणे त्याच्या जवळच्या नातेवाइकाला द्या, आणि कोणीच नसेल तर देवाला. निंदा केली असेल तर जिथे केली तिथेच जाऊन, त्याच माणसांसमोर खरं सांगा, हे पैसे देण्यापेक्षा अवघड जातं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. तुमच्यावर कोणी अत्याचार केला असेल तर ते तुमच्या वहीत लिहायचं पाप नाही, आणि मंडळीत माफी मागून झाली म्हणून पोलिसात जायचं नाही असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. आणि ही वही घेऊन दुसऱ्याच्या आजारपणाचं कारण शोधायचं नाही, योहान ९ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी तेच विचारलं तेव्हा येशूने सरळ नाही म्हटलं.

रविवारपर्यंत जमलं नाही तर? मत्तय ५ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर असं आहे. पाळकांशी बोला, ते सांगतील. मी त्या महिन्यात प्याला घेतला नाही, मंगळवारी त्या कांद्याच्या दोघी बायांच्या घरी गेले. एकीने पैसे हातात धरले आणि म्हणाली, ताई, मला वाटलं तुम्हाला आठवतच नसंल, मी तर त्या दिवशी उधारीवर पीठ आणलं होतं.