गाव केव्हा वसलं? सुरुवात पाळियापासून

बडोद्याजवळच्या पादरा, डभोई, सावलीकडच्या एखाद्या गावाच्या वस्तीचा इतिहास लिहायचा असेल तर आधी दप्तरात जाऊ नका, पाळिये, म्हणजे वीरांचे आणि सतींचे स्मृतिदगड, बघा. तलावाची पाळ, जुनं महादेवाचं देऊळ आणि पादर, म्हणजे वेशीबाहेरची मोकळी जागा, एवढं फिरलात की एखादा तरी बहुधा भेटतोच. वर सूर्य-चंद्र आणि खाली भालाईत घोडेस्वार असेल तर तो लढाईत पडलेला वीर. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात म्हणजे सती. मजकूर तळाशी कोरलेला असतो आणि नेमका तोच भाग मातीत गेलेला असतो. गावकऱ्यांना विचारून वीतभर माती हातानेच बाजूला करा.

दगड घासू मात्र नका. तारेच्या ब्रशाने किंवा ॲसिडने उरलीसुरली अक्षरंही जातात. शेंदूर लावलेला पाळिया पूजेतला असतो, तो खरवडायचाच नाही. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. झिजलेल्या रेघांत सावली भरते आणि आकडा उठून दिसतो. चारी बाजूंनी उजेड टाकून फोटो घ्या, कारण शतकाचा एक आकडा चुकला तर सगळंच चुकलं.

आता साल. पाळियावर विक्रम संवत असतो आणि गुजरातेत तो कार्तिकात बदलतो. इसवी सनासाठी कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. समजा ‘संवत १८२० महा सुद ५’, म्हणजे माघ शुद्ध पंचमी, वाचलंत, तर साल १७६४. सरसकट ५७ वजा करणारे इथे वर्षाने चुकतात.

पाळिया एवढंच सांगतो की त्या साली इथे वस्ती होती. गाव त्याच साली वसलं असं नव्हे. वस्तीचा हा पुरावाही दगड मूळ जागी असेल तरच धरायचा. म्हणून शिवारात खापरांचं टेकाड किंवा पडकी विहीर आहे का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुनं गावठाण तिथे असू शकतं.

मग गायकवाडी मोडी कागद. त्यांत सुहूर सन, म्हणजे अरबी अंकनावांनी लिहायची जुनी कालगणना, अक्षरात येतो आणि एककापासून वाचायचा असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सन ११६१. हा सन मृगाला बदलतो. इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, पुढे ६००. म्हणजे १७६०-६१.

शिरगणतीचे आकडे घेताना छप्पन्या दुष्काळ, संवत १९५६ (इ.स. १८९९-१९००), विसरू नका. १८९१ ला बडोदे संस्थानात २४ लाखांवर माणसं होती, १९०१ ला साडेएकोणीस लाख उरली. त्या दहा वर्षांत गावातली घरं घटलेली दिसली तर लोक शहरात गेले असं लगेच लिहू नका. कुठली घराणी छप्पन्यानंतर आली हे फळीफळीत, म्हणजे वाड्यावाड्यांत, विचारा. तोंडी मिळालेलं, दगडावरचं आणि कागदावरचं वहीत तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा.