बर्फात भोक पाडायच्या हातगिरमिटाला धार कशी लावावी आणि ते कसं चालवावं

अमेरिकेतल्या मिनेसोटात किंवा कॅनडात टोरंटोजवळच्या सिम्को तलावावर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरायला जाणाऱ्यांच्या हातात आता बॅटरीवर चालणारी गिरमिटं दिसतात. तरी जुन्या सामानाच्या विक्रीत हाताने फिरवायची स्वीडिश आणि फिनिश गिरमिटं अजून स्वस्तात मिळतात. वजनाला हलकी, आवाज नाही, कडाक्याच्या थंडीत बॅटरी उतरायची धास्ती नाही. लोक ती टाकून देतात ते बहुतेक वेळा पाती बोथट झाली म्हणून. मग अंगचा जोर लावून भोक पाडायची धडपड होते आणि खांदे भरून येतात. हातगिरमिटाला जोर लावावा लागतो आहे, याचा अर्थ धार गेली आहे.

घेताना मापही बघा. पर्च, क्रॅपी, वॉलआय अशा माशांना 6 इंचांचं भोक पुरतं. मोठ्या पाईक माशासाठी 8 इंची घेतात, पण 8 इंचांच्या भोकातून 6 इंचांच्या मानाने जवळजवळ पावणेदोनपट बर्फ काढावा लागतो. हाताने फिरवायचं असेल तर मला 6 इंचीच योग्य वाटतं.

धार लावण्याआधी

गिरमिट बर्फ तासत खाली जातं. सुताराच्या रंध्यात पात्याची धार तेवढी लाकडाला लागते, मागचा भाग टेकत नाही, इथेही तसंच. धार सगळ्यांत खाली आणि तिच्यामागचा भाग किंचित वर उचललेला, एवढ्यावर सगळं चालतं. घासताना कोन बदलला किंवा धारेजवळचा भाग गोलसर झाला, तर तो मागचा भाग आधी बर्फाला टेकतो. असं पातं घरी कागद सर्रकन कापेल, पण तलावावर जागच्या जागी घसरत राहील. धार लावताना बिघडलेली गिरमिटं बहुधा अशीच बिघडलेली असतात.

म्हणून स्क्रू काढण्याआधी पाती कशी बसली आहेत त्याचा फोटो काढा. कुठली बाजू वर, कुठली खाली, हे नंतर आठवत नाही. स्क्रू गंजून धरले असतील तर तेल सोडून रात्रभर ठेवा. पाती काढताना जाड हातमोजे घाला. पाती आणि ती बसतात ती जागा, दोन्ही पुसून स्वच्छ करा. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तरी कोन बदलतो.

धार लावणं

पात्याच्या एका बाजूला धारेलगत तिरका उतार असतो, दुसरी बाजू सपाट असते. घासायचा तो फक्त उतार. त्यावर मार्कर पेनाने रंग द्या. पातं सरळ असेल तर काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) ठेवा, पाण्याने ओला करा, उतार त्यावर पूर्ण टेकवा आणि हलक्या हाताने घासा. आधी 400 नंबर, मग 600, शेवटी 1000. दोन-चार हात मारले की थांबून बघा. रंग सगळीकडून सारखा गेला तर कोन बरोबर आहे. नुसता धारेजवळचा गेला तर पातं जास्त उभं धरलं आहे. नुसता मागचा गेला तर जास्त आडवं.

मुळातच वळणदार किंवा जुन्या धर्तीची खोलगट पाती काचेवर बसत नाहीत. त्यांच्यासाठी तोच कागद योग्य जाडीच्या गोल लाकडी दांड्याला गुंडाळा आणि वळणाच्या कलाने फिरवा.

थोड्या वेळाने सपाट बाजूला धारेवर बारीक खरखर लागेल. धार टोकापर्यंत पोचल्याची ती खूण. सपाट बाजू 1000 नंबरच्या कागदावर पूर्ण आडवी ठेवून एकदा-दोनदा अलगद ओढली की खरखर जाते. मग दुसरं पातं; त्यालाही तेवढेच हात मारा. एक जास्त झिजलं तर सगळा भार दुसऱ्यावर येतो. मोठा खड्डा पडला असेल तर नवी जोडीच घ्या, एकटं पातं बदलू नका.

विजेच्या ग्राइंडरवर पाती धरू नका. पोलाद तापून निळसर झालं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. धार अंगठ्याने तपासू नका, कागद कापून बघा.

तलावावर

आधी बर्फाची जाडी. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सूचनेप्रमाणे पायी जायला किमान 4 इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा. पांढरट बर्फाची ताकद त्याच्या साधारण निम्मी, म्हणजे तो दुप्पट जाड लागतो. काठापासून आत जाताना निदान दर 150 फुटांवर तपासा. एकटे जाऊ नका, आणि बर्फ फुटून पाण्यात पडलात तर वर यायला बर्फात रोवायचे हाताचे खिळे गळ्यात अडकवा.

जागेवरचं भुसभुशीत बर्फ बाजूला करा. पाय फाकवून उभे राहा, गिरमिट सरळ उभं धरा. एक हात वरच्या मुठीवर नुसता ठेवायचा, दुसऱ्याने दांडा एका लयीत फिरवायचा. बहुतेक गिरमिटं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. कोरडे, लांबट काप वर येऊ लागले की पाती नीट बसली आहेत; नुसती भुकटी आली तर धार कमी आहे. शेवटच्या इंचाला हात सावकाश चालवा. पाणी आलं की गिरमिट सरळ वर खेचा, आतला लगदाही बरोबर येतो. उरलेला झाऱ्याने काढा.

पात्यावर बर्फ साचला तर गिरमिट बर्फावर आपटू नका. भोकातल्या पाण्यात बुडवलं की तो सुटतो. काठाजवळ बर्फात वाळू गोठलेली असते, उथळ पाण्यात पाती तळाला लागतात. दोन्हीकडे धार एका फटक्यात जाते. आदल्या दिवशीचं गोठलेलं भोकही गिरमिटाने उघडू नये, त्याला पहार वापरावी.

निघताना पाती पुसून त्यांवर टोपण चढवा. गार गिरमिट उबदार घरात आणलं की त्यावर दव धरतं, म्हणून घरी पोचल्यावर टोपण काढून पाती पुन्हा कोरडी करा आणि फडक्याने थोडं तेल लावून ठेवा.