अलर्ट ऑरेंज आहे, पण आपल्या भागाला धोका किती? असं काढा

हवामानाचा अलर्ट आला की सगळे आधी रंग बघतात आणि तिथेच थांबतात. रंग नंतर बघा. आधी इशारा कधी काढलाय आणि कधीपर्यंत लागू आहे ते बघा, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणारे अर्धे स्क्रीनशॉट परवाचे असतात आणि दर काही तासांनी इशारा बदलतो.

मग शब्द वाचा. आपल्या हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति मुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. मिमी डोळ्यासमोर येत नसेल तर सोपा हिशोब, 1 मिमी म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 115 मिमी पडला की साडेअकरा हजार लिटर, आता हे अख्ख्या डोंगरउताराला लावा आणि ते पाणी खाली कुठे येणारे ते बघा. आणि "तुरळक ठिकाणी" हा शब्द सोडू नका हं. त्याचा अर्थ जिल्ह्यातल्या फार तर चौथ्या हिश्शाच्या ठिकाणी, म्हणजे ऑरेंज असूनही तुमच्याकडे ऊन पडू शकतं आणि त्यात इशारा चुकला असं काही नसतं.

आता रंग. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे हालचाल करा. पण रंगामागे दोन गोष्टी असतात, घडायची शक्यता किती आणि घडलं तर नुकसान किती. ब्रिटनचं मेट ऑफिस तर याचा चार बाय चारचा तक्ताच इशाऱ्यासोबत देतं, त्यात टिक कुठल्या चौकटीत आहे ते बघायचं, कारण "नक्की होणार पण किरकोळ" हाही यलो आणि "बहुतेक नाही होणार पण झालं तर वाट लागेल" हाही यलो. माझ्या मते दुसरा यलो जास्त सिरीयसली घ्यावा, आणि लोक नेमका तोच सोडून देतात.

इथपर्यंत फक्त हवामान झालं, धोका तुमच्या जागेवर ठरतो. नकाशा उघडा आणि स्वतःच्या गावाचा इशारा बघून झाला की नदीच्या वरच्या अंगाचा बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. 29 ऑक्टोबर 2024 ला स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात तुरीस इथे एका दिवसात 771 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला, आणि खाली पायपोर्ता गावात पाऊस जवळपास नव्हताच, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून वरचं पाणी आलं आणि गाव बुडालं. तिथल्या हवामान खात्याचा रेड इशारा सकाळीच आलेला, लोकांच्या मोबाइलवर अलर्ट वाजला रात्री 8 नंतर. त्या भागात 200 हून जास्त माणसं गेली. म्हणून खिडकीतून आकाश बघून धोका ठरवू नका आणि मोबाइल वाजायची वाटही बघू नका.

वरच्या अंगानंतर हे तपासा: आधीचे दोन-तीन दिवस पाऊस होता का (जमीन भिजलेली असेल तर तोच पाऊस दुप्पट त्रास देतो), धरण किती भरलंय, किनाऱ्याजवळ असाल तर भरती किती वाजता, आणि पावसाचा जोर रात्रीचा आहे का. उष्णतेच्या लाटेलाही हेच लागू, आपल्याकडे सपाट भागात 40 अंशांपासून तिचा विचार सुरू होतो, किनाऱ्यावर 37 आणि डोंगराळ भागात 30, पण पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी व्यक्ती असेल तर यलोलाच तिच्याकडे चक्कर मारा.

मोठ्या भागाचा अंदाज काढायचा असेल तर एक साधा तक्ता करा, गाव, रंग, आणि तिथलं कच्चं काय (सखल वस्ती, एकच पूल, दरडीखालची घरं). यलो पण कच्चं जास्त असलेलं गाव बऱ्याचदा ऑरेंज पण उंचावरच्या गावापेक्षा जास्त धोक्याचं ठरतं. प्रत्येक गावापुढे निघायची वेळही लिहा, पूल पाण्याखाली जायच्या आधीची.

इशारा संपला की त्याच तक्त्यात किती पडला आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते टाका. फक्त तारीख नीट, कारण पाऊस सकाळी 8:30 ते 8:30 असा मोजतात, म्हणजे आज सकाळचा आकडा बहुतेक कालच्याच पावसाचा असतो.