कॉइलओव्हर घेण्याआधी ट्रॅव्हल मोजा: रोजची आणि ड्रिफ्टची गाडी एकच असेल तर

डोळ्यांसमोर गाडी आहे बीएमडब्ल्यूची ई90 थ्री सिरीज. 2007 पासून ती चेन्नईत जुळवली जायची, आता जुन्या बाजारात मिळते, आणि ताकद मागच्या चाकांना जाते. आठवडाभर पुण्यातल्या रस्त्यांवर ऑफिसला न्यायची, वर्षातून कधीतरी ड्रिफ्टसाठी, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत वळणं घ्यायला, कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर न्यायची, तीही ट्रेलरवर नाही, स्वतःच्या चाकांवर. जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरच्या वर रस्ता होतो. म्हणून कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकपचा सेट, घेताना बघायच्या गोष्टींची ही यादी या दोन्ही कामांची आहे. टायर, ब्रेक धड आहेत असं धरून चालतो.

आधी गाडीखाली शिरा. लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, वरचे माउंट. यातलं काहीही ढिलं असेल तर महागातला महाग शॉकपसुद्धा खडखडच करणार. ते बदलून गाडी चालवून पाहा, निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटते. रनफ्लॅट टायर (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे) असतील तर तेही आधी काढा. त्यांची बाजूची भिंत इतकी कडक असते की मूळ सस्पेन्शनही दगडासारखं वाटतं. मात्र या गाडीत स्टेपनी नाही, तेव्हा पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत टाका. आणि मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल ओपन, म्हणजे साधं, लॉक न होणारं असेल तर सस्पेन्शनचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. आतलं एकच चाक फिरत राहिलं तर स्प्रिंग कुठलीही बसवा, ड्रिफ्ट टिकणार नाही.

आता मुख्य गोष्ट. ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शनला वर-खाली हलायला असलेली जागा. मागच्या वेळी मी बाकी सगळं विचारलं, एवढंच विचारलं नाही, आणि नव्याकोऱ्या सेटवर गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकप पूर्ण दबू नये म्हणून दांड्यावर बसवलेल्या रबराच्या तुकड्यावर, आदळत राहिली. विक्रेता तुम्हाला डॅम्पिंग कमी-जास्त करायला किती क्लिक आहेत ते सांगेल, किती इंच खाली जाते ते सांगेल, रंग सांगेल. तुम्ही त्याला एकच विचारा: मला हव्या त्या उंचीवर गाडी उभी असताना बंप स्टॉपला टेकेपर्यंत किती मिलिमीटर उरतात? उत्तर नसेल तर शॉकपचा एकूण स्ट्रोक (दांडा एकूण किती आत जातो), बंप स्टॉपची लांबी आणि स्प्रिंगचा रेट (एक मिमी दबायला किती किलो लागतात) मागा आणि घरी बसून हिशेब करा. हे तीन आकडेही देता येत नसतील तर तिथून निघा.

हिशेब अवघड नाही. समजा पुढच्या एका स्प्रिंगवर 340 किलो भार आहे, स्ट्रोक 120 मिमी आणि बंप स्टॉप 40 मिमी. प्रीलोड, म्हणजे बसवतानाच स्प्रिंगला दिलेला दाब, शून्य धरा. स्प्रिंग 5 किलो प्रति मिमीची असेल तर गाडी नुसती उभी राहिली की 68 मिमी दबते. उरले 52, त्यातून स्टॉपचे 40 वजा करा, हातात 12 मिमी. आता तीच स्प्रिंग 8 ची घ्या. दबते साधारण 42, स्टॉपला टेकेपर्यंत 37 च्या आसपास उरतात. म्हणजे "रस्त्यासाठी मऊ स्प्रिंग देतो, आरामात चालेल" हे वाक्य छोट्या स्ट्रोकच्या शॉकपवर साफ चुकीचं ठरतं. मऊ स्प्रिंग सगळा ट्रॅव्हल उभ्या उभ्याच खाते, आणि मग तुम्ही स्प्रिंगवर नाही, रबराच्या तुकड्यावर गाडी चालवता. प्रीलोड देऊन थोडा ट्रॅव्हल परत मिळवता येतो, पण तेवढाच तो खालच्या बाजूने जातो आणि खड्ड्यात चाक खाली पोचत नाही. हे गणित न करता पैसे देऊ नका.

उंची कशी बदलते तेही बघा, कारण तोही ट्रॅव्हलचाच प्रश्न आहे. काही सेटमध्ये स्प्रिंगखालची रिंग फिरवूनच गाडी खाली घ्यायची असते. त्यात गाडी जेवढी खाली, तेवढा शॉकपचा दांडा आत. ज्यात खालचा ब्रॅकेट स्वतंत्रपणे फिरतो, त्यात दांडा जागेवर राहतो. मात्र तिथे चाक मडगार्डमध्ये वर घुसतं, म्हणून टायर घासतो का ते पाहावं लागतं. ई90 ला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकप वेगळा. तिथे स्प्रिंगचा ॲडजस्टर खाली केला आणि शॉकपची लांबी तशीच ठेवली, तर मागचा ट्रॅव्हल गुपचूप संपतो. मागची स्प्रिंग चाकापासून आत बसते, त्यामुळे तिचा आकडा पुढच्याशी सरळ ताडून पाहू नका. चाकाजवळचा रेट म्हणजे स्प्रिंगचा रेट गुणिले मोशन रेशोचा (चाक एक मिमी हललं की स्प्रिंग किती मिमी दबते त्याचा) वर्ग. रेशो 0.6 असेल तर 10 ची स्प्रिंग चाकाला 3.6 चीच जाणवते. कागदावर मागची स्प्रिंग राक्षसी दिसते म्हणून घाबरू नका आणि स्वतःच्या मनाने कमीही करू नका.

आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या नियमावलीप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा. तसा असेल तर खाली घेतलेली गाडीही हळू पार होते. पण सोसायटीच्या दारात सिमेंटचा जो उंचवटा केलेला असतो त्याला ना रुंदी ना उतार. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उंचवटा शोधा आणि उंची त्याच्यावर ठरवा, फोटोवर नाही.

बसवल्यावर पुन्हा ट्रॅव्हल. चारही शॉकपच्या दांड्यांना एकेक केबल टाय घट्ट बांधा आणि खाली शॉकपच्या नळीपर्यंत सरकवून ठेवा. रोजच्या रस्त्याने एक फेरी मारा, मग चाकात डोकं घालून बघा. दांड्यावर धुळीची रेघ आणि टाय कुठवर ढकलला गेलाय ते स्पष्ट दिसतं. टाय बंप स्टॉपमध्ये रुतला असेल तर उंची वाढवा किंवा स्प्रिंग बदला, डॅम्पिंगचे क्लिक फिरवत बसू नका. एका नॉबच्या बहुतेक सेटमध्ये ते क्लिक मुख्यतः रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकप परत उघडताना होणारा विरोध, बदलतात. आदळणं त्याने थांबत नाही, उलट रिबाउंड फार कडक केला तर लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी आणखी खाली बसत जाते.

बसवताना बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू देऊ नका. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा टॉर्क द्यायचा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, चाक लटकतं ठेवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना बघा. झेनॉन दिवे असतील तर लेव्हल सेन्सरची दांडीही. रिंगांच्या थ्रेडला अँटीसीझ (जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा. पावसाळ्यातला चिखल आणि कोकणातली खारी हवा रिंगा अशा जाम करते की पाना वाकतो, रिंग हलत नाही.

अलाइनमेंट थोडं चालवून स्प्रिंग बसल्यावर करा, लगेच नको. पुढे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, वाढवायला कारखान्यातून फारसा वाव नाही, वरच्या माउंटच्या जागी कॅम्बर प्लेट लागेल. तिच्यात रबराऐवजी पिलोबॉल (धातूचा गोल सांधा) असेल तर आवाज येणार. रस्त्यासाठी पुढे उणे दीड अंशाच्या आसपास, ट्रॅकवर उणे तीन किंवा जास्त. मागे शक्य तेवढा कमी, म्हणजे टायर पूर्ण टेकतो. ट्रॅकवर वेगळं सेटिंग ठेवणार असाल तर दोन्हींच्या खुणा रंगाने करून ठेवा.

कागद. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. आरटीओत आणि विमा कंपनीला आधीच विचारा. ड्रिफ्ट बंद ट्रॅकवरच. घाटात नाही, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरही नाही.

जाण्याआधी चाकांचे बोल्ट तपासा; सोबत जॅक, दोन्ही रिंगांचे पाने, जादा केबल टाय घ्या. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी चार माणसं आणि सामान भरून तीच फेरी पुन्हा मारा, टाय कुठे आला ते बघा.