चाळ पाडायच्या आधी: लालबागच्या भाडेकरूंसाठी

आमची चाळ लालबागची. 1940 च्या आधी बांधलेली, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) 'अ' वर्गातली. सासरे गिरणीत होते. 1982 च्या संपात नोकरी गेली, खोली तेवढी राहिली. आता तिथे टॉवरचं काम चालू आहे आणि आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो. आम्हाला परत लालबागलाच यायचंय. चाळ कमिटीत चार वर्षं जे शिकले, ते पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी लिहिते.

सगळ्यात आधी भाडेपावत्या बाहेर काढा. आमच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, घडीवर विरलेल्या, शाई उडालेली. एकेक पावती पोळपाटावर सपाट करून झेरॉक्स काढल्या. या प्रकल्पांत 13 जून 1996 नंतर नव्याने निर्माण झालेलं भाडेकरूपण धरत नाहीत, त्यामुळे त्याआधीचा एकेक कागद जपा: पावती, लाइट बिल, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव.

शेजारच्या वहिनींची पावती वीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होती. मालकाचा माणूस दर महिन्याला भाडं न्यायचा, नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पात्रता यादी आली तेव्हा त्यांच्या खोलीपुढे शेरा. मृत्यूचा दाखला आणि मुलगा त्याच खोलीत वडिलांबरोबर राहत होता याचे जुने पुरावे जोडल्यावर नाव लागलं, पण वहिनी तोवर सात महिने नीट झोपल्या नव्हत्या. तुमच्या घरात असं असेल तर आजच अर्ज करा. मालक भाडं घेईना झाला तर चेक पोस्टाने पाठवा आणि पोचपावती ठेवा.

आता संमतीपत्र. अशा जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचा मुंबईच्या विकास नियमावलीतला नियम म्हणजे 33(7). त्याखाली 51 टक्के भाडेकरूंची संमती पुरते आणि दिलेली सही मागे घेता येत नाही. 'माझ्या सहीशिवाय कसं पाडतात बघू' म्हणून घरात बसू नका, आणि बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला म्हणून लगेच सहीही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, सगळी चाळ एकत्र बसून मोठ्याने वाचा. निवासी खोलीला किमान 300 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मिळतं; तुमची जागा आधीच त्याहून मोठी असेल तर खोली टेपने मोजून आकडा लिहून घ्या. म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाने प्रमाणित केलेली भाडेकरू यादी आणि एनओसीच्या (ना-हरकत पत्राच्या) अटी माहिती अधिकारात काढा. अर्जाला फक्त 10 रुपये लागतात.

खोली खाली करणं ही खरी कसोटी. चावी दिली की हातात फक्त कागद उरतो. म्हणून पर्यायी जागेचा करार आधी रजिस्टर करून घ्या. त्यात मजला, चौरस फूट, मुदत आणि उशीर झाला तर भाडं चालू राहील हे स्पष्ट हवं. ट्रान्झिटच्या, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडे राहण्याच्या, भाड्याचे चेक आगाऊ घ्या, दरवर्षी वाढीसकट. जवळच्या एका चाळीत दोन वर्षांनी भाडं थांबलं. माणसं विरार, बदलापूरला पांगली होती, एकत्र बसून बोलणंही जमेना. आम्ही त्यावरून शिकलो. सगळ्यांचे नवे पत्ते एका वहीत आहेत आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बांधकामाच्या गेटसमोर भेटतो.

मेंटेनन्सचं आधीच विचारा. चाळीचं भाडं महिना 90 रुपये होतं. टॉवरला लिफ्ट, पंप, वॉचमन आले की हजारांत बिल येतं, आणि पेन्शनवरची माणसं ते न झेपून घर विकून निघून जातात. हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण कायद्याने कुणी त्यांना बाहेर काढलेलं नसतं. कॉर्पस फंड, म्हणजे बिल्डरने देखभालीसाठी ठेवायची रक्कम, किती, तो कुणाच्या नावावर, व्याजातून काय भागेल, हे करारात आकड्यांत लिहून घ्या.

शेवटी ताबा. ओसी (राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला) हातात आल्याशिवाय चावी घेऊ नका. ओसी नसलेल्या इमारतीला पाण्याचं बिल जास्त दराने येतं आणि घराचा व्यवहार करायचा तर बँक पहिल्यांदा तोच कागद मागते. आमच्या ओसीला अजून वेळ आहे. येत्या रविवारी गेटवर तोच विषय आहे.