माइक एका साउंड कार्डावर, हेडफोन दुसऱ्यावर: लिनक्सवर आवाजाचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मुलांकडे एक भांडवल आपोआप येतं: घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड. दोन्ही भाषांत स्वच्छ वाचणारा माणूस ऑनलाइन धडे तयार करणाऱ्यांना आणि ऑडिओ पुस्तकं काढणाऱ्यांना हवाच असतो. मी हेच काम करते, खानापुरातल्या घरातून, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालून. नवीन मुलं-मुली विचारायला येतात तेव्हा त्यांचं उच्चारांवर क्वचितच अडतं. अडतं ते साउंड कार्डावर. माइक यूएसबीला लावला, हेडफोन लॅपटॉपला, की मशीन एकाला धरतं आणि दुसऱ्याला सोडतं.

मुळात दोन कार्डं कशाला? लॅपटॉपच्या आतल्या माइकला पंख्याची घरघर जवळून ऐकू येते. त्याचा आवाज कमी पडतो म्हणून 'माइक बूस्ट' 10, 20, 30 डेसिबल असा चढवत गेलात, तर बोलण्याबरोबर सळसळही तेवढीच चढते. यूएसबी माइकमध्ये ध्वनीचं आकड्यांत रूपांतर करणारं सर्किट माइकच्या पोटातच असतं, त्यामुळे लिनक्सच्या लेखी तो माइक हेच एक स्वतंत्र साउंड कार्ड. ऐकण्यासाठी मात्र लॅपटॉपचं आतलं कार्ड पुरेसं आहे. हेडफोनवर पैसे घालण्याआधी माइकवर घाला, असं मी सगळ्यांना सांगते.

कुठलीही सेटिंग बदलण्याआधी तुमच्या मशीनवर आवाजाचा कारभार कोण बघतं ते पाहा. तळाशी आल्सा असते. ती कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग. तिच्यावर बसून सगळ्या प्रोग्रॅमांचा आवाज एकत्र करणारी सेवा पूर्वी पल्सऑडिओ असायची, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर आहे. लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांपैकी फेडोरानं 2021 साली 34व्या आवृत्तीत ती घेतली, उबुंटूनं 22.10 मध्ये, लिनक्स मिंटनं 2024 च्या 22व्या आवृत्तीत. त्याआधी लिहिलेले सल्ले वाचून फायली बदलत सुटलात तर चालू असलेलंही बंद पडेल. टर्मिनलमध्ये 'पीएसीटीएल इन्फो' (pactl info) ही आज्ञा द्या आणि 'सर्व्हर नेम'ची ओळ वाचा. पाइपवायर असेल तर तिथे पल्सऑडिओच्या नावापुढे कंसात पाइपवायर आणि तिची आवृत्ती दिसते. जुन्या आज्ञा चालाव्यात म्हणून पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलते, त्यामुळे पुढचं सगळं दोन्हीकडे लागू आहे.

मग कार्डांची यादी काढा. 'एप्ले' या आज्ञेपुढे हायफन आणि लहान एल दिलं (aplay -l) की वाजवणारी कार्डं दिसतात, 'एरेकॉर्ड'पुढे तेच दिलं (arecord -l) की रेकॉर्ड करणारी. प्रत्येक कार्डाला 0, 1, 2 असा क्रमांक असतो आणि एक छोटं नावही असतं. क्रमांकावर अजिबात विसंबू नका. माइक लावूनच मशीन चालू केलं तर कधी तो 0 होतो, कधी 1. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली-आली की मशीन पुन्हा चालू करावं लागतं, आणि काल बसवलेली घडी आज मोडलेली असते. नाव बदलत नाही. जिथे निवड करायची तिथे नावानंच करा.

आता मुख्य काम. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हा प्रोग्रॅम इन्स्टॉल करून घ्या. शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये प्रत्येक कार्डाची भूमिका ठरते. पुष्कळ यूएसबी माइकांना हेडफोनचं भोक असतं, म्हणून सिस्टम त्यांना वाजवणारं कार्डही समजते आणि माइक लावताच सगळा आवाज तिकडे पळवते. माइकचं प्रोफाइल फक्त 'इनपुट' ठेवलं की हा त्रास थांबतो. आतल्या कार्डाचं प्रोफाइल 'ड्युप्लेक्स' (वाजवणं आणि रेकॉर्ड करणं दोन्ही) असेल तर ते फक्त 'आउटपुट' करा. एचडीएमआयचं, म्हणजे बाहेरच्या पडद्याच्या केबलचं, वेगळं कार्ड दिसत असेल तर ते बंद. काही नव्या लॅपटॉपांत आतल्या कार्डाला अशी वेगळी प्रोफाइलं नसतात. तिथे त्याला हात लावू नका. त्यानंतर 'इनपुट डिव्हायसेस'मध्ये यूएसबी माइकसमोरची आणि 'आउटपुट डिव्हायसेस'मध्ये आतल्या कार्डासमोरची हिरवी खूण दाबा. कुठल्याही प्रोग्रॅमनं स्वतःहून काही मागितलं नाही तर ही दोन कार्डं वापरा, असा तिचा अर्थ.

एवढं करूनही प्रोग्रॅम वेगळंच कार्ड धरू शकतो. निपाणीच्या एका मुलीचा मला फोन आला होता: "अक्का, आवाजाची पट्टी हलत्येय, फाइलपण झाली, पण त्यात माझा आवाजच नाही. ब्राउझरमधलं गाणं आलंय." तिला म्हटलं, रेकॉर्डिंग चालू ठेव आणि मग 'रेकॉर्डिंग' टॅब उघड. हा टॅब प्रोग्रॅम प्रत्यक्ष रेकॉर्ड करत असतानाच भरतो, एरवी रिकामा असतो, म्हणून पुष्कळांना तो निरुपयोगी वाटतो. तिच्या ओळीत 'मॉनिटर ऑफ' असं लिहून पुढे आतल्या कार्डाचं नाव होतं. मॉनिटर म्हणजे त्या कार्डावर जे वाजतंय त्याची प्रत. माइकचा तिथे संबंध नाही. त्याच ओळीतून यूएसबी माइक निवडला आणि चालू रेकॉर्डिंगमध्येच तिचा आवाज यायला लागला. ही निवड सिस्टम त्या प्रोग्रॅमच्या नावावर लक्षात ठेवते. चुकीची निवडही तशीच लक्षात राहते, म्हणून नव्या प्रोग्रॅमच्या पहिल्या रेकॉर्डिंगला हा टॅब उघडून बघाच.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये होस्ट 'आल्सा' ठेवा आणि डिव्हाइसच्या यादीत 'पल्स' असेल तर ते, नाही तर 'डिफॉल्ट' घ्या. यादीत थेट हार्डवेअरची नावंही असतात. ती घेतली तर ते कार्ड दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असताना उघडता येत नाही. माइक नंतर लावला असेल तर डिव्हाइसेस पुन्हा शोधायला सांगावं लागतं. चॅनेल मोनो, दर 48000, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने.

तरी पट्टी हलत नसेल तर टर्मिनलमध्ये 'आल्सामिक्सर' (alsamixer) ही आज्ञा द्या. एफ6 दाबून माइकचं कार्ड निवडा, एफ4 नं त्याच्या कॅप्चरच्या बाजूला जा. खांबाखाली 'कॅप्चर' हा शब्द उजळलेला नसेल तर स्पेस दाबा. वाजवण्याच्या बाजूला खांबाखाली दोन एम दिसले तर तो आवाज बंद आहे. एम दाबला की सुरू. बोलताना ऑडॅसिटीची पट्टी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान पोचावी. शून्याला टेकलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

पार्श्वभूमीला एकसारखा 'हं' ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर बोलून बघा. गेला, तर तो 50 हर्ट्‌झच्या विजेचा आहे. आपल्या जुन्या घरांत बोर्डाला अर्थिंग नीट नसतं. वायरमनकडून ते करून घेणं हा महागडा माइक घेण्यापेक्षा शहाणपणाचा खर्च आहे. कौलांवरच्या पावसाला आणि मिरज-लोंढा मार्गावरच्या गाडीच्या भोंग्याला मात्र सेटिंग नाही. जून ते सप्टेंबर मी कामाची मुदत मागतानाच चार दिवस जास्त मागते, आणि समजावून सांगितलं की बहुतेक लोक देतात.

पाइपवायर किंवा पल्सऑडिओ नसलेल्या, नुसत्या आल्सावर चालणाऱ्या मशीनसाठी आणखी एक मार्ग आहे. होम फोल्डरमधल्या 'एसाउंडआरसी' (.asoundrc) या लपलेल्या फाइलीत 'एसिम' (asym) प्रकारचं डिफॉल्ट लिहायचं: प्लेबॅकला एका कार्डाचं नाव, कॅप्चरला दुसऱ्याचं. नावाआधी नुसतं 'एचडब्ल्यू' (hw) न लिहिता 'प्लगएचडब्ल्यू' (plughw) लिहा, म्हणजे दोन कार्डांचे दर वेगळे असले तरी रूपांतर होतं. पाइपवायर चालू असेल तर ही फाइल ठेवू नका. काही प्रोग्रॅम तिला वळसा घालून थेट कार्डावर जातील आणि दोघांची भांडणं लागतील.

डबिंगचं काम घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हिंदी धडा कानात वाजतोय आणि तुम्ही त्यावर मराठी बोलताय, तेव्हा दोन्ही कार्डं आपापल्या आतल्या घड्याळाच्या, म्हणजे स्फटिकाच्या, ठोक्यावर चालतात. दोघांचाही दर 48000 लिहिलेला असला तरी ठोके तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत 50 चा फरक धरला तर तासाभरात 0.18 सेकंदाची तफावत पडते. पाइपवायर एका कार्डाचं घड्याळ प्रमाण धरून दुसऱ्याचे नमुने जुळवत राहते. पाइपवायरऐवजी 'जॅक' ही आवाजाची दुसरी सेवा थेट वापरली तर ती वाजवणं आणि रेकॉर्ड करणं एकाच कार्डावर धरून चालतं, म्हणून नवख्यांनी आधी पाइपवायरवरच हात बसवावा. फाइल जुळत नसेल तर सुरुवात आणि शेवट दोन्ही तपासा. अंतर पहिल्या वाक्यापासून सारखंच असेल तर तो नेहमीचा विलंब आहे. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' उणे 130 मिलिसेकंदांवर असतं, ते बदलून तो निघतो. अंतर वाढत जात असेल तर घड्याळांचा फरक आहे. अशा वेळी काम देणाऱ्याकडून प्रत्येक प्रसंगाची वेगळी फाइल मागून घ्या आणि तुकड्या-तुकड्यानं बोला. पाच मिनिटांच्या तुकड्यात तो फरक कानाला कळत नाही.